गादी-रजईच्या कापडाचे दुकान : थोड्या भांडवलात कसे चालवावे?

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद, उमरखेड, कोठेही जा, शेतात पांढरे सोने दिसते. बाजारात मात्र फोमच्या गाद्या आणि पानिपतची ब्लँकेटे दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या रुई पिंजणारे आपले पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी बांधव यामुळे अडचणीत आले आहेत. धुनकीच्या जागी विजेवर चालणारे पिंजण यंत्र आले, पण नुसत्या पिंजणावळीवर घर चालत नाही. गिऱ्हाईक कापड दुसऱ्या दुकानातून घेऊन येते. कापडाचा नफा तेथे राहतो आणि धूळ खाण्याची मजुरी तेवढी कारागिराच्या वाट्याला येते. हा नफा आपल्याच घरात यावा यासाठी गादी-रजईच्या कापडाचे छोटे दुकान हा चांगला मार्ग आहे. त्याचा हिशेब येथे मांडला आहे.

माल कोणता भरावा?

सर्व प्रकारचे कापड ठेवण्याचा मोह टाळावा. साडी-ड्रेसच्या दुकानाशी आपली स्पर्धा नाही. गादीसाठी पट्ट्यापट्ट्यांचे गादीपाट, रजईसाठी छापील सुती कापड, अस्तरासाठी मांजरपाट, उशीच्या खोळीचे कापड, जाड दोरा आणि सुया एवढे आधी पुरे. शिंप्यांकडची व तयार कपड्यांच्या कारखान्यांतली चिंधी वजनावर मिळते. ती निवडून, रंगवार गठ्ठे बांधून ठेवली तर गोधडी शिवणाऱ्या आयाबहिणी आवर्जून येतात.

खरेदीसाठी नागपूरचे गांधीबाग आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठचा ठोक कापड बाजार जवळ पडतात. साधे पॉवरलूमचे कापड मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे तयार होते. पहिल्या खेपेस एकाच रंगाचे दहा ताके घेण्याऐवजी पाच नमुन्यांचे दोन-दोन ताके घ्यावेत. घेण्यापूर्वी हातभर तुकडा मोजून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजावा. आटणारे व रंग सोडणारे कापड रजईला चालत नाही.

पन्ह्याचा हिशेब

नवीन दुकानदार मीटरचा भाव पाहतो आणि पन्हा विसरतो. समजा, ५८ इंच रुंद व ९० इंच लांब रजई शिवायची आहे. शिलाई व आटणे यांसाठी लांबीत ६ इंच वाढवले तर ९६ इंच, म्हणजे सुमारे २.४४ मीटर होतात. ३६ इंच पन्ह्याचे कापड घेतले तर दोन पाट जोडावे लागतात. वरची व खालची बाजू मिळून चार पाट, म्हणजे पावणेदहा मीटर. ६३ इंच पन्हा असेल तर दोनच पाट, म्हणजे ४.९ मीटर.

आता अरुंद कापड ५० रुपये व रुंद कापड ९० रुपये मीटर धरा. अरुंद कापडाला सुमारे ४८८ रुपये लागतात, रुंद कापडाला ४४१. दिसायला महाग असलेले कापड स्वस्त पडले, शिवाय जोडाची शिलाई वाचली. अरुंद कापडातून उरणाऱ्या पट्ट्या उशीच्या किंवा गोधडीच्या कामी येतात, हेही लक्षात ठेवावे. हा हिशेब गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा दुकानदार त्याच्या कायमचा लक्षात राहतो.

रुई विकायची असेल तर कापसाचा व रुईचा भाव एक समजू नये. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी.

खर्च किती, विक्री किती?

भाडे ५,०००, मदतनीस ८,०००, वीज व इतर २,००० आणि मालकाचा स्वतःचा मेहनताना १०,००० धरला तर महिन्याचा खर्च २५,००० रुपये होतो. मालकाचा मेहनताना न धरणे ही नेहमीची चूक आहे. ८० रुपयांचा माल १०० रुपयांस विकला तर विक्रीवर नफा २० टक्के पडतो. म्हणजे खर्च निघण्यासाठी महिन्याला १,२५,००० रुपयांची, २६ दिवसांत रोज सुमारे ४,८०० रुपयांची विक्री हवी. नुसत्या कापडावर ती होत नसेल तर पिंजणावळ, शिलाई आणि जुनी गादी मोडून नवी भरून देणे ही कामे जोडावीत. जुनी गादी पुन्हा भरता येते, आणि येथेच फोमवाला मागे पडतो.

उधारीचे पथ्य

आपल्याकडे बहुतेक शेती कोरडवाहू. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर, साधारण दिवाळीपासून पुढे. थंडीही तेव्हाच पडते. म्हणून माल दिवाळीआधी भरावा आणि उन्हाळ्यात लग्नसराईच्या गादी-उशांसाठी थोडा ठेवावा. पावसाळ्यात दिलेली उधारी पिकावर अवलंबून असते. पीक बुडाले की शेतकऱ्याबरोबर दुकानदारही बुडतो. १,००० रुपयांची उधारी बुडाली तर गाठचे ८०० गेले. ते भरून काढण्यास आणखी ४,००० रुपयांची विक्री लागते. नाही म्हणणे जड जात असेल तर मर्यादा ठरवावी, वहीत लिहावे आणि गिऱ्हाइकाची सही घ्यावी.

कागदपत्रे

वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या माल विकणाऱ्या दुकानाला महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र खरेदीवर भरलेला कर मूळ किमतीत धरावा. दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणे पुरते. उद्यम नोंदणी मोफत आहे. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपी आहे, पिंजारी नाही. घरात शिलाईचे काम करणारे कोणी असेल तर त्यांनी चौकशी करावी. व्याजाचे कर्ज नको असेल तर नात्यातील किंवा ओळखीच्या माणसाशी नफा-तोट्याची भागीदारी करावी, पण अटी कागदावर लिहूनच.

दुकान लहान असले तरी चालेल. माप पुरे, हिशेब रोजचा आणि भरलेली रुई सांगितली तीच असेल तर एका रजईमागे दुसरे गिऱ्हाईक येते.