लायपोप्रोटीन कणांची जुळणी

मेद पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून रक्तातून वाहून नेण्यासाठी यकृत त्यांचे लायपोप्रोटीन कण बनवते. या कणाचा सांगाडा म्हणजे ४,५३६ अमिनो आम्लांचे अपोबी-१०० हे प्रचंड प्रथिन. त्याची साखळी आंतर्द्रव्यजालिकेत उतरत असतानाच जुळणीस प्रारंभ होतो. आरंभीचा, सुमारे एक हजार अमिनो आम्लांचा भाग प्रथम घडी घेतो व एमटीपी या वाहक प्रथिनाशी संलग्न होतो. एमटीपी तेथे मेदाचे रेणू आणून सोडते आणि साखळीचे पुढील जलविरोधी पट्टे त्यांना वेढतात. मेद वेळेवर न मिळाल्यास पेशी ती साखळीच नष्ट करते. विद्यार्थ्यांच्या उत्तरातून नेमका हाच मुद्दा निसटतो. आतड्यातही अपोबी-४८ या आखूड रूपासह हीच प्रक्रिया घडते.

एमटीपीचे जनुक सदोष असलेल्या बालकांत अपोबीचे जनुक निर्दोष असूनही रक्तात हे कण जवळजवळ आढळत नाहीत. बॅसेन व कॉर्नझ्वाइग यांनी १९५० मध्ये वर्णिलेल्या या विकाराचे, अबेटालायपोप्रोटीनेमियाचे, मूळ १९९२ मध्ये उलगडले. त्यात ई जीवनसत्त्वाअभावी मज्जासंस्था व दृष्टी ढासळते. निदान लवकर होऊन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिल्यास ही हानी बऱ्याच अंशी टळते.