दाबू की नको?

लोकलमध्ये पंखा चालत नसेल तर आपण समोरची सगळी बटणं दाबून बघतो. पण धोक्याची साखळी 'बघू तरी काय होतं' म्हणून कोणी ओढत नाही. वेबसाइटवर प्रॉब्लेम हा की पंखा आणि साखळी सारखीच दिसतात. एक रंगीत चौकोन, आत एक इंग्रजी शब्द! मग अनोळखी बटण दाबावं की नाही?

आपल्या ओळखीचंच उदाहरण घेऊ. कॅप राउंडमध्ये सीट मिळाली की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी एकच चर्चा: 'फ्रीज' की 'बेटरमेंट'? 'फ्रीज' म्हणजे सीट पक्की, पुढच्या राउंडमध्ये तुम्ही नाही. 'बेटरमेंट' म्हणजे सीट हातात ठेवून वरच्या पसंतीसाठी थांबायचं. ती मिळाली की आधीची सीट आपोआप रद्द. इथे 'दाबून बघू' म्हणून कसं चालेल? ब्राउझरचं 'बॅक' पान मागे नेतं, घेतलेला निर्णय नाही.

मग प्रत्येक बटणाला घाबरायचं का? मुळीच नाही. वेबच्या नियमांतच हा फरक केलेला आहे. 'गेट' रिक्वेस्ट फक्त माहिती मागते, बदल करायचा तर 'पोस्ट' वगैरे वापरायचं. एचटीटीपीच्या १९९९ च्या स्टँडर्डमध्येही हे आहे. नियम मोडला तर काय होतं, ते २००५ मध्ये दिसलं. पानं लवकर उघडावीत म्हणून गूगलचं 'वेब ॲक्सिलरेटर' पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं. काही साइट्सवर 'डिलीट' ही साधी लिंकच होती. झालं! कोणी क्लिक न करताच लोकांचा डेटा उडाला.

थोडक्यात काय, तर मेनू, सर्च, सॉर्ट ही बटणं बिनधास्त दाबा, त्याशिवाय शिकणार कसं? पण 'कन्फर्म', 'पे', 'अलाउ', 'डिलीट' दिसलं की थांबा आणि एकच प्रश्न विचारा: हे परत फिरवता येईल का? उत्तर माहीत नसेल तर आधी नियम वाचा किंवा सीनियरला विचारा. आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरी आजीलाही सांगून ठेवा.

उद्या ही बटणं आपणच बनवणार आहोत. तेव्हा नुसता एक शब्द लिहून मोकळे होऊ नका. दाबल्यावर काय होईल, ते खाली एका ओळीत, साध्या मराठीत लिहा!