रिंगणातून पाण्यात, पाण्यातून नावेत



गेल्या महिन्यात एक पालक भेटायला आले. मुलगा चार वर्षे पोहतो आहे, आता नौकानयनाकडे वळायचे म्हणतो. "सर, चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली की!" मला हसू आले, पण त्यांचा प्रश्न खरा होता.

मुरलीकांत पेटकर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ-इस्लामपूर भागातले. सैन्यात ते ई.एम.ई.चे जवान आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या व कमरेखालचे शरीर निकामी झाले. बॉक्सिंग संपले, कारण ठोसा हाताने मारला तरी त्याचा जोर पायांतून येतो. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. पाणी शरीराचा भार उचलते, लुळे पाय मात्र मागे ओढतात; म्हणून सगळे काम खांदे, हात आणि दम यांच्यावर येते. बॉक्सरजवळ हे तिन्ही आधीच कमावलेले असतात. १९६८ साली तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकले. ऑलिंपिक धरा की पॅरालिंपिक, भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ साली. ४६ वर्षे लागली आपल्याला!

ग्वाल्हेरच्या प्राची यादवचे उदाहरण तर त्या मुलाच्या अगदी जवळचे. तिच्या पायांत जन्मापासून बळ नाही. ती राष्ट्रीय दर्जाची जलतरणपटू होती. प्रशिक्षक वीरेंद्रकुमार डबास यांनी २०१८ च्या सुमारास तिला नावेकडे वळवले. भोपाळच्या छोट्या तलावात सराव करून ती २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिंपिकला गेली व अंतिम फेरीत आठवी आली. या खेळात तिथे पोहोचलेली ती पहिली भारतीय. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने एक सुवर्ण व एक रौप्य घेतले.

पोहताना हात पाणी मागे ढकलतो, नावेत तेच काम वल्हे करते. खांदे आणि दम बरोबर येतात. नवा शिकावा लागतो तो तोल. अरुंद नाव जरा कलली की उलटते. त्या पालकांना मी एवढेच सांगितले, की पहिले काही महिने नाव उलटेल आणि चार वर्षांचे पोहणे तेव्हाच कामी येईल. लाइफ जॅकेट मात्र घालायचेच, पोहता येत असले तरी.

– मुख्याध्यापक