दोन लेकरांसाठी एक रॅप

थोरली अजून "कडेवर घे" म्हणते आणि धाकट्याने मान धरलेली नाही. अशा वेळी लेकरांना अंगाशी बांधायला, दोघांना पुरेल असा विणलेला रॅप घ्यायचा, तर बाई, नक्षीच्या आधी वीण बघ. कापड उलगडून उजेडात धर. त्यावर जीन्सच्या कापडावर असतात तशा बारीक तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत. मग एक कोपरा धरून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे ओढून बघ. चांगला रॅप लांबीत ओढला तर हलत नाही. तिरका ओढला की जरासा देतो आणि सोडला की परत जागेवर येतो. या तिरप्या देण्यामुळेच तो तान्ह्याच्या पाठीला सगळीकडून नीट बसतो आणि थोरलीच्या वजनानेही ढिला पडत नाही. मांजरपाटाला हे जमत नाही, तो खांद्यात रुततो. घरातली साडी का नको, असं तू विचारशीलच. रेशमी साडीची गाठ सरकते आणि जुनी सुती साडी कुठे विरली आहे ते कळत नाही. तिची दुपटी शिव, वजन तिच्यावर सोपवू नको.

होजिअरीचा ताणणारा रॅप हाताला फार मऊ लागेल. तान्ह्यापुरता तो ठीक आहे, पण थोरलीला घेतलंस की लोंबतो आणि पाठीवर बांधायला तर धोक्याचाच. त्यात पैसे घालू नको.

आता जाडी. चौरस मीटरला किती ग्रॅम, हे विचारायचं. 180 च्या आसपासचं कापड तान्ह्याला छान, पण 11-12 किलोच्या मुलीला घेतलं की थोड्याच वेळात खांदे काचतात. 300 च्या पुढचं भक्कम असतं, पण तान्ह्याभोवती त्याच्या घड्या बसत नाहीत आणि आपल्या उकाड्यात आई-बाळ दोघंही घामाने भिजतात. म्हणून 220 ते 250 च्या दरम्यानचं, निव्वळ सुती घे. नवं कापड ताठ लागेल; दोन-चार वेळा धू, इस्त्री कर, पीळ घालून ठेव, आपोआप नरम पडेल.

लांबी तुझ्या बांध्याला 4.6 मीटर पुरेल, दुकानात त्याला 6 नंबर म्हणतात. पण जावईबापूही लेकरांना घेणार असतील, आणि घ्यावंच त्यांनी, तर 5.2 मीटरचा घे. तुझ्या अंगावर टोकं उरली तर कमरेला आणखी एक वेढा दे. दोन काठ दोन रंगांचे असले तर फार बरं: आवळताना नेमका कुठला काठ ढिला राहिला ते लगेच कळतं.

जर्मनीतल्या एरिका हॉफमन यांनी आपल्या जुळ्या मुलींना मेक्सिकोतल्या रेबोसो नावाच्या लांब शालीत बांधून वाढवलं आणि 1972 मध्ये असे रॅप विणून घेऊन विकायला सुरुवात केली. दोन लेकरं सांभाळणाऱ्या बाईच्या गरजेतून ही वस्तू तिकडे बाजारात आली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तान्ह्याला पुढेच बांधायचं, उभं, छातीशी. तोंड सतत दिसलं पाहिजे, मान वाकवली की कपाळाची पापी घेता आली पाहिजे, आणि त्याची हनुवटी छातीला टेकता कामा नये. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढी जागा हवी. एवढ्या लहान बाळाचा श्वास मान दुमडल्याने कोंडतो आणि ते रडतही नाही, म्हणून यात हयगय नको. गुडघे बुडापेक्षा वर, आणि कापड या गुडघ्याच्या खोबणीपासून त्या खोबणीपर्यंत. अंगावर पाजायला सैल केलंस तर पाजून झाल्यावर पुन्हा वर घेऊन आवळ. सिझेरियनचे टाके असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधूच नको. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तरीही तेच.

पाठीवर थोरली. झाशीच्या राणीच्या चित्रात पाठीशी मूल दिसतं, तो दामोदर तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. ते चित्र बघून तान्ह्याला मागे बांधायचं धाडस करू नको. आधार न घेता बसायला लागेपर्यंत पाठ नाही. थोरलीलाही पहिल्यांदा पलंगाशी उभी राहून, कुणीतरी मागे हात धरून असताना चढव. दोघांना एकदम घ्यायची घाई नको. हात बसल्यावर घ्यायचंच झालं तर दोन वेगळे रॅप, आधी पाठीवर थोरली, मग पुढे धाकटा, आणि तेही घरातल्या घरात. खरं तर थोरलीला दिवसातून एकदा एकटीलाच बांधून गच्चीवर फिरवून आण. धाकटा आल्यापासून तिला तेच हवं असतं.

बाळ बांधलेलं असताना गॅसपाशी जायचं नाही. आणि बाळाला अंगाशी बांधून टू-व्हीलरवर कधीही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा, बसायचं नाही.