ऐकते कोण?

मुलांनो, नाशिकच्या इंदिरानगरला लागून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. समजा, तुम्ही मित्राबरोबर या रस्त्याच्या कडेला उभे आहात. मित्र म्हणतो, "उद्या गणिताची परीक्षा आहे." नेमका त्याच वेळी ट्रकचा भोंगा वाजतो. 'परीक्षा' या शब्दातला 'री' तुम्हांला ऐकूच येत नाही. तरीही वाक्य समजते. हे कसे घडते?

आवाज म्हणजे हवेतील कंपने. ती कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागची तीन छोटी हाडे ती आतल्या कानात पोहोचवतात. तेथे शंखासारखा एक अवयव असतो. त्यातील नाजूक पेशी कंपनांपासून विजेचे संदेश तयार करतात. हे संदेश मेंदूकडे जातात. अर्थ लावतो तो मेंदू! गळलेले अक्षरही तोच भरून काढतो.

१९५३ साली कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. त्याने लोकांना दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवली आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितले. दुसऱ्या कानातील भाषा मध्येच बदलली, तरी बहुतेकांना ते कळले नाही. मेंदू ज्याकडे लक्ष देतो, तेच आपण नीट ऐकतो.

गोंगाटात मेंदूला शब्द लक्षात ठेवावे लागतात, जुळवावे लागतात, अंदाज करावा लागतो. म्हणून आपण थकतो. नवी भाषा ऐकतानाही असेच होते. मराठी ऐकताना तुम्ही दमता का? घाबरू नका. रोज ऐका, म्हणजे मेंदूला सराव होईल.

पण ज्याला कमी ऐकू येते, त्याला हे कष्ट दिवसभर पडतात. तो थकला, की आपण म्हणतो, "याचे लक्षच नसते." खरे तर वर्गात सर्वांत जास्त मेहनत तोच करत असतो! त्याला पुढच्या बाकावर जागा द्या. त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोला. तुम्हांलाच असा त्रास होत असेल, तर लाजू नका. घरी व शिक्षकांना सांगा आणि कान तपासून घ्या. अशा तपासणीसाठी व उपचारांसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ती १९८३ साली स्थापन झाली.

शब्दार्थ
कंपन – थरथर
गोंगाट – गडबडीचा मोठा आवाज
सावकाश – हळूहळू

स्वाध्याय
१. गळलेले अक्षर कोण भरून काढतो?
२. गोंगाटात ऐकताना आपण का थकतो?
३. कमी ऐकू येणाऱ्या मित्राला तुम्ही कशी मदत कराल?