नेत्रतंत्रज्ञाच्या शिक्षणात नेत्ररचनेचे स्थान

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कितपत स्पष्ट दिसेल, हे पुष्कळ अंशी शस्त्रक्रियेपूर्वीच ठरते. डोळ्यात बसवावयाच्या कृत्रिम भिंगाची शक्ती ज्या मोजमापावरून काढतात, ते बहुधा नेत्रतज्ज्ञ नव्हे, तर नेत्रतंत्रज्ञ घेतो. प्रौढ माणसाचा नेत्रगोल समोरून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. या लांबीत १ मिलिमीटरची चूक झाली, तर भिंगाच्या शक्तीत अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. श्राव्यातीत ध्वनियंत्राची शलाका पारपटलावर किंचित अधिक दाबली गेली, तरी डोळा आखूड भरतो. गरजेपेक्षा अधिक शक्तीचे भिंग निवडले जाते आणि रुग्णाला दूरचे अंधुक दिसते. पारपटल किती नाजूक असते, हे ठाऊक नसलेल्या हाताला ही चूक उमगतही नाही.

के. आर. पुरमसारखे बंगळुरूचे पूर्वेकडील उपनगर असो वा महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालय, रुग्णाचा डोळा प्रथम तपासणारी व्यक्ती पुष्कळदा डॉक्टर नसते. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने नेत्र सहायकाचे पद याच गरजेतून उभे केले. त्याच वर्षी डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी मदुराई येथे अरविंद नेत्र रुग्णालय स्थापन केले. तेथे ग्रामीण भागातील मुलींना बारावीनंतर दोन वर्षे प्रशिक्षण देऊन नेत्रसेवेत सामावून घेण्याची पद्धत रुजली.

या अभ्यासक्रमात रचना व कार्य वेगवेगळे शिकवून भागत नाही. डोळ्याची एकूण प्रकाशीय शक्ती सुमारे ६० डायॉप्टर. तिचा दोन तृतीयांशांहून अधिक वाटा पारपटलाचा असतो, भिंगाचा नव्हे. भिंगाचे वैशिष्ट्य समायोजन शक्तीत आहे. लहान मुलांत ती इतकी प्रबळ असते की, औषधाचे थेंब घालून रोमक स्नायू शिथिल केल्याखेरीज चष्म्याचा खरा नंबर हाती लागत नाही. परंतु बाहुली विस्फारणारे थेंब सरसकट घालणेही धोक्याचे. ज्या डोळ्यात परितारिका व पारपटल यांमधील कक्ष उथळ असतो, तेथे द्रवाच्या निचऱ्याचा मार्ग बंद होऊन दाब एकाएकी चढू शकतो. डोळ्यातील दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. कानशिलाच्या बाजूने विजेरीचा प्रकाश टाकावा. नाकाकडील परितारिकेवर सावली पडल्यास थेंब घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ही साधी परीक्षा नेत्ररचना समजल्याशिवाय अर्थपूर्ण ठरत नाही.

मराठी रुग्ण डोळ्यात ‘फूल पडले’ म्हणतो, तेव्हा दोष पारपटलावर असतो. मोतीबिंदू भिंगात, तर काचबिंदूची हानी दृक्चेतातंतूंत. पहिल्या दोहोंत शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळू शकते, तिसऱ्यात गेलेली दृष्टी परतत नाही. के. आर. पुरममध्ये हीच तक्रार कन्नड, तमिळ वा तेलुगूत येते.

प्रात्यक्षिकासाठी बकऱ्याचा डोळा वापरण्याची प्रथा जुनी व स्वस्त आहे. भिंग, पारदर्शक काचद्रव, दृष्टिपटल हाताळता येतात. मात्र त्याची बाहुली आडवी असते, दृष्टिपटलामागे चकाकणारा थर असतो आणि माणसाच्या दृष्टिपटलातील पीतबिंदू त्यात नसतो. शिक्षकाने हे सांगितले नाही, तर विद्यार्थी चुकीचा डोळा पाठ करतो.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. (जुन्या आकड्यांशी तुलना करताना २०१७ मध्ये व्याख्या ६/६० वरून ३/६० झाली, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.) पन्नाशीवरील व्यक्तींच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के, तर मोतीबिंदू शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीचा ७.२ टक्के होता. नेत्रविज्ञानाशी संबंधित सहायक व्यवसायांना २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने कायद्याच्या कक्षेत आणले आहे.