तांदुळाचा बाजार व राष्ट्रांचें सहकार्य

जगांत पिकणाऱ्या तांदुळापैकीं फारच थोडा भाग परदेशीं विकला जातो. यास्तव एकदोन मोठ्या देशांनीं विक्री थांबवितांच बाजारांत गोंधळ उडतो. इ. स. २००७ च्या आक्टोबरांत भारत सरकारनें बासमतीखेरीज इतर तांदुळाच्या निर्यातीवर निर्बंध घातला. एप्रिल २००८ मध्यें पूर्ण बंदी केली. व्हिएतनामनेंही हात आखडला. फिलिपाईन्सनें भीतीपोटीं चढ्या दरानें खरेदी केली. मे महिन्यापर्यंत थायलंडच्या तांदुळाचा भाव सुमारें तिप्पट झाला. वास्तविक जगांत पीक चांगलें होतें.

पुढें जपानच्या कोठारांतील आयात तांदूळ बाहेर विकण्यास अमेरिकेनें हरकत घेतली नाहीं. ही वार्ता पसरतांच, माल हलण्यापूर्वींच, भाव उतरूं लागले. २०११ सालीं वीस राष्ट्रांच्या गटानें गहूं, मका, तांदूळ व सोयाबीन यांचें पीक व सांठे यांची माहिती एकत्र करण्याची व्यवस्था उभारली.

निर्यातबंदीनें खाणाऱ्यास स्वस्ताई होते, परंतु पिकविणाऱ्याचा चढा भाव हातचा जातो. आपल्याकडील ती बंदी सप्टेंबर २०११ पर्यंत टिकली. ज्यास सांठ्याची खरी माहिती असते, तो घाबरून माल विकीत नाहीं. सबब सोसायटीनें दरमहा भाव व सांठा यांचें टिपण सभासदांपुढें ठेवावें, अशी आमची सूचना आहे.